दहा पैशांचा वेताळ

वेताळाशी आमची पहिली ओळख पुस्तकात झाली नाही, ती चिंचेच्या झाडाखाली झाली. वऱ्हाडातल्या प्रत्येक जुन्या वस्तीत असे एखादे झाड असायचेच. शेजारची आजी म्हणायची, "तिन्हीसांजेचं तिकडं जाऊ नका पोट्टेहो, वेताळ बसते तिथं." आमची दादी म्हणायची, "मगरिब के बाद उधर मत जाना, जिन रहता है." झाड एकच, भीती एकच, नावे तेवढी दोन. त्यात काही विसंगत आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. गंमत वाटायची ती एवढीच, की घरातली मोठी माणसे रोज सकाळी डबा घेऊन कापसाच्या 'जिना'त कामाला जात आणि संध्याकाळी धडधाकट परत येत.

मग एक दिवस हा वेताळ झाडावरून उतरला आणि चौकातल्या एका टपरीत सुतळीवर लटकलेला दिसला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, कधी निळा, कधी जांभळा. डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, कमरेला दोन पिस्तुले. वर ठसठशीत अक्षरांत 'इंद्रजाल कॉमिक्स'. विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. पण दहा पैसे दिले की तिथेच बाकड्यावर बसून एक अंक वाचता येई. थोडे जास्त दिले तर रात्रभर घरी नेता येई.

आज त्या अंकांसाठी संग्राहक मोठ्या रकमा मोजतात. अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर रद्दीचा ढीग दिसला की आमच्या वयाची माणसे अजूनही क्षणभर थांबतात. हात आपोआप ढिगाकडे जातो. आम्ही नेमके काय शोधतो? ती चित्रे, की ते बाकडे? या लेखात आम्हांला त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे.

आधी इतिहास पाहू. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली 'मँड्रेक' हा जादूगार वृत्तपत्रांच्या चित्रपट्टीत आणला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'फँटम'. अंगाला चिकटलेला पोशाख आणि मुखवटा हा नायकाचा गणवेश फँटमने रूढ केला, सुपरमॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली आला. योगायोग असा की फँटमच्या जन्मवर्षीच, ऑगस्ट १९३६ मध्ये, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. म्हणजे बळकट शरीराचे कौतुक आमच्या गावाला परदेशी चित्रांनी शिकवलेले नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यात आखाडे होते आणि आखाड्याच्या मातीत उतरणाऱ्याला तिथे उस्तादच ओळखत असे, मुखवट्याची गरज पडत नसे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने 'इंद्रजाल'चा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये काढला. किंमत साठ पैसे. पहिले ३२ अंक एकट्या फँटमचे होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी असे इतर नायक आले. मालिका आधी मासिक होती, मग पाक्षिक झाली आणि पुढे साप्ताहिक. हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत ती निघाली. मराठीत फँटमचा 'वेताळ' झाला, आणि हे नामांतर भलतेच चपखल बसले. 'चांदोबा' मासिकातल्या विक्रम-वेताळामुळे हे नाव घरोघरी माहीत होते. गावाच्या वेशीवर वेताळाचा शेंदूर लावलेला दगड असे. परक्या मुलखातल्या नायकाला असे गावकीतले नाव मिळाले आणि तो आमचा झाला.

नावांचे आणखी बदलही झाले. मूळ कथेत फँटमचा देश 'बंगाला' आणि समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची. भारतीय आवृत्तीत देशाचे 'डेंकाली' झाले आणि टोळीचे 'सिंगा'. इथल्या वाचकाला आपल्या प्रांताचा किंवा आपल्या आडनावाचा भास होऊ नये, कुणाचे मन दुखावू नये, ही काळजी त्यामागे होती. नावाला किती वजन असते, हे त्या संपादकांना पक्के ठाऊक होते. आम्हांला ते कळायला बराच काळ लागला.

वऱ्हाडातल्या मुसलमान मुलाचे वाचन त्या काळी तीन वाटांनी चालत असे. याचे कारण या प्रदेशाच्या इतिहासात आहे. हा मुलूख अचलपूरच्या इमादशाहीचा, मग अहमदनगरचा, मोगलांचा, निजामाचा. १८५३ साली तो इंग्रजांच्या हाती गेला, १९०३ नंतर मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या हिंदी-मराठी राज्यात राहिला. मुंबई-नागपूर-हावडा हा मोठा रेल्वेमार्ग अकोला आणि बडनेऱ्यावरून जातो. त्यामुळे मुंबईची मराठी पुस्तके एका बाजूने येत आणि दिल्ली-अलाहाबादची हिंदी-उर्दू पुस्तके दुसऱ्या बाजूने. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, घरात आमची ती वऱ्हाडी वळणाची उर्दू. सुरेश भट १९३२ साली ज्या अमरावतीत जन्मले आणि ज्यांनी पुढे उर्दूची गझल मराठीत रुजवली, त्या गावाला ही तीन भाषांची ये-जा नवी नव्हती.

टपरीवर मराठी 'वेताळ' होता. रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर हिंदी कॉमिक्स होती. ज्या घरांत उर्दू वाचणारे होते तिथे दिल्लीच्या 'शमा' गटाचे 'खिलौना' हे मुलांचे मासिक येई आणि थोरल्यांच्या उशाखाली इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' असे. मराठी रहस्यकथांच्या नादी लागलेल्यांसाठी बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' आणि 'काळा पहाड' होतेच. एकाच घरात एक भाऊ झुंजार वाचतोय, दुसरा वेताळ आणि चाचा इम्रानचे कारनामे, हे दृश्य आम्ही पाहिलेले आहे.

आणि या सगळ्यांच्या आधी दादीची दास्तान होती. अमीर हमजाची गोष्ट ती रात्री सांगायची. त्यातला आमचा लाडका अमर अय्यार. त्याच्याजवळ एक 'जंबील' होती, म्हणजे अशी झोळी की तिच्यात अख्खे शहर मावेल आणि तरी ती भरणार नाही. एक 'गलीम' होती, ती पांघरली की माणूस दिसेनासा होई. पळण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. पुढे मँड्रेकची हातचलाखी वाचताना आम्ही मनातल्या मनात म्हणत असू, हे तर आमच्या अमरचेच काम! लखनौच्या नवल किशोर प्रेसने ही दास्तान ४६ खंडांत छापली होती हे आम्हांला फार उशिरा कळले. अकबर बादशहाने याच कथेवर, साधारण १५६२ पासून पुढची पंधराएक वर्षे, सुमारे १४०० मोठी चित्रे काढून घेतली होती, हेही तेव्हा माहीत नव्हते. एका बाजूला चित्र, मागच्या बाजूला मजकूर. चित्र समोर धरायचे आणि मजकूर वाचून दाखवायचा. म्हणजे चित्रांतून पराक्रमाची गोष्ट सांगणे हा प्रकार आमच्यासाठी अमेरिकेतून आला असे समजायचे काही कारण नाही. दादीला अक्षर येत नव्हते, पण त्या १४०० चित्रांची ती दूरची वारस होती.

आता ज्या नायकासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येऊ. १९७६ च्या अखेरीस 'इंद्रजाल'मध्ये एक अस्सल भारतीय नायक आला, 'बहादूर'. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. ना मुखवटा, ना जादू. तो एका डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या अधिकाऱ्याचा सूड घ्यायचा, त्याच अधिकाऱ्याच्या सहवासात तो बदलतो आणि गावांचे डाकूंपासून रक्षण करण्यासाठी 'नागरिक सुरक्षा दल' उभारतो. चार वर्षांपूर्वी, १९७२ साली, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने चंबळच्या डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती, तो काळ अजून ताजा होता. बापाच्या नावाचा डाग अंगावर घेऊन जगणारा आणि स्वतःच्या कामाने तो पुसणारा हा मुलगा आम्हांला वेताळापेक्षा जवळचा वाटला. का वाटला, हे तेव्हा सांगता आले नसते. आज सांगता येते. दुसऱ्याने केलेल्या गोष्टींचा जाब जन्मभर आपल्याला विचारला जाणार, हे आमच्यातल्या कितीजणांना पुढे अनुभवावे लागले!

बहादूरची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती आणि लेखक होते आबिद सुरती. १९३५ साली गुजरातेत जन्मलेला, मुंबईत वाढलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस. महायुद्धाच्या काळात मुंबईत गाडीतून जाणाऱ्या गोऱ्या सोल्जरांनी फेकलेल्या वस्तूंत एका कॉमिकचे पान हाती आले आणि तिथून चित्रांची ओढ लागली, असे त्यांनी सांगितले आहे. 'धर्मयुग'मधला 'ढब्बूजी' त्यांचाच, 'इन्स्पेक्टर आझाद'ही त्यांचाच. गुजराती-हिंदीत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. म्हातारपणी, २००७ पासून, मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम त्यांनी हाती घेतले. बहादूर घडवणाऱ्याला शोभणारेच हे काम.

पण खरी गोष्ट ही की, ते दिवस होते तोवर आम्हांला यातले काही माहीत नव्हते. अंक हातात आला की नजर थेट पहिल्या चौकटीवर जाई. लिहिणाऱ्याचे नाव कोण वाचतो? देशभरातली मुले ज्याच्यासारखे व्हायला बघत होती, तो नायक एका आबिदच्या लेखणीतून उतरला होता. ही गोष्ट आम्हांला तेव्हा कुणी सांगितली असती तर? वर्गात बाकावर बसताना आमची मान कदाचित बोटभर उंच राहिली असती.

कारण चित्रांत आम्हांला आमचे नाव शोधूनही सापडत नव्हते. 'अमर चित्र कथा' १९६७ साली सुरू झाली. त्यात अकबर होता, शेरशाह होता, चाँदबिबी होती. चाँदबिबीचे पुस्तक तर आमच्यासाठी घरचेच, कारण १५९६ च्या तहात तिने मोगलांना दिला तो हाच वऱ्हाड. पण हे सगळे बादशहा आणि सुलताना. शेजारच्या गल्लीत राहणारा, सायकलवर शाळेत जाणारा, संकटात धावून येणारा असा कुणी सलीम किंवा रशीद त्या पानांत नसे. फार तर एखादा प्रेमळ चाचा. इब्ने सफींच्या कादंबऱ्या हिंदीत आल्या तेव्हा कर्नल फरीदीचा 'विनोद' झाला आणि इम्रानचा 'राजेश'. हमीद मात्र हमीदच राहिला, कारण तो दुय्यम होता. साहेबाचे नाव बदलायचे, मदतनिसाचे तसेच ठेवले तरी चालते. यात कुणाचा दुष्टपणा होता असे आम्ही म्हणत नाही. बाजाराला जे सोयीचे वाटले ते झाले. पण दुकानदाराची सोय काय सांगत असते, तेही ऐकले पाहिजे.

एक अपवाद इथे कृतज्ञतेने नोंदवला पाहिजे. दिल्लीच्या मनोज कॉमिक्सने 'राम-रहीम' ही जोडी आणली. दोन पोरसवदा गुप्तहेर, संकटात एकमेकांसाठी जीव देणारे. कथा साध्याच असत, कित्येकदा बालिशही. पण सुतळीवर लटकलेल्या त्या मुखपृष्ठावर 'रहीम' हे नाव 'राम'च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असे. आमच्या गल्लीत त्या काळी दोन दोस्त एकत्र निघाले की टपरीवरून हाक यायची, "काय रे राम-रहीम, कुठं निंगाले?" आज तो शब्द कानावर पडला तर आधी एखाद्या शांतता समितीच्या बैठकीचे पत्रक आठवते. तेव्हा तो दोन मुलांचा पत्ता होता.

ऐंशीच्या दशकात हिंदी कॉमिक्सची लाट आली. डायमंडचे चाचा चौधरी आणि साबू. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. नागराजला पहिले रूप दिले ते प्रताप मुळीक या पुण्याच्या चित्रकाराने. 'अमर चित्र कथे'तल्या अनेक पुस्तकांची चित्रेही त्यांचीच. म्हणजे दिल्लीहून येणारा नायकही मराठी बोटांतून उतरून आला होता. मराठीत मात्र असा स्वतःचा नायक उभा राहिला नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, पण तो गद्यात धावणारा. चित्रांचा बाजार हिंदीने घेतला आणि आमच्या तीन वाटांतली मराठीची वाट तिथे अरुंद झाली. मग घरोघरी टीव्ही आले, केबल आली, १९९७ पासून 'शक्तिमान' आला. 'इंद्रजाल' तर त्याआधीच, ८०० वर अंक काढून, १९९० साली बंद पडले होते. सुतळीवर गुटख्याच्या पुड्या लटकू लागल्या.

ही हळहळ व्यक्त करताना दोन गोष्टी लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली अशी की, वेताळाच्या कथेत एक गोरा माणूस जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि काळी माणसे पिढ्यानपिढ्या त्याचा शब्द झेलतात. ली फॉकने पुढे त्या देशाला डॉ. लुआगा हा कृष्णवर्णी राष्ट्राध्यक्ष दिला, हे खरे. तरी सिंहासन हलले नाही. आणि वऱ्हाडातली आम्ही सावळी पोरे त्या गोऱ्याच्या बाजूने टाळ्या वाजवत होतो. दुसरी गोष्ट घरातली आहे. त्या बाकड्यावर आमच्या बहिणी कधी बसल्या नाहीत. भाड्याने आणलेला अंक आम्ही जेवणाआधी संपवत असू आणि मग तो त्यांच्या हाती जाई. भांडी झाल्यावर, कंदिलाच्या किंवा चाळीस वॅटच्या उजेडात त्या तो वाचत, कारण सकाळी तो परत करायचा असे. कित्येक गोष्टींचा शेवट त्यांनी पाहिलाच नाही. डुलकी लागायची आणि सकाळी आम्ही अंक घेऊन पसार झालेलो असू. आमच्या पिढीचा सोनेरी काळ म्हणतात तो त्यांच्या वाट्याला अर्धाच आला होता.

मग आम्ही रद्दीत शोधतो ते काय? आमच्यापुरते उत्तर असे आहे. टपरीवाल्याच्या वहीत आमचे नाव नसे. अंकाचा नंबर असे, वेळ असे, पैसे आले की काट मारलेली असे. त्या बाकड्यावर मोमीनपुऱ्यातला पोरगा, कुंभारवाड्यातला पोरगा आणि वकिलाचा पोरगा एका अंकात तीन डोकी घालून बसत. पान उलटायचा हक्क ज्याने पैसे दिले त्याचा. नाव कुणी विचारत नसे. वेताळाचा मुखवटा आम्हांला इतका आवडला याचे कारणही हेच असावे. मुखवट्याआडच्या माणसाला कुणी आडनाव विचारत नाही. पुढे कॉलेजात, नोकरीच्या अर्जावर, भाड्याने खोली बघताना नाव सांगायची वेळ आली आणि समोरच्याचा चेहरा बदललेला आम्ही पाहिला. डिसेंबर १९९२ नंतर तर बाकडीही वेगळी झाली. तेव्हा कळले, की आठवण येते ती नाव न विचारणाऱ्या त्या जागेची.

पण एवढ्यावर थांबलो तर ती नुसती हळहळ ठरेल. नाव झाकून मिळालेली बरोबरी आम्हांला पुरेशी वाटत होती, कारण आम्ही लहान होतो. नावासकट मिळणारी बरोबरी ही मोठ्यांची गरज आहे. ज्या १९९० साली 'इंद्रजाल' बंद पडले, त्याच साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही आम्हांला त्या एकत्र आठवतात. एकीकडे मुखवट्याचा नायक गेला, दुसरीकडे आमची माणसे आपल्या नावाने, आपल्या मराठीत लिहायला उभी राहिली.

अलीकडे घरातल्या मुली मोबाईलवर 'मिस मार्व्हल' बघतात. कमला खान ही पाकिस्तानी वंशाची अमेरिकन मुलगी. कॉमिक्समध्ये ती २०१३ साली पहिल्यांदा दिसली, २०१४ पासून तिची स्वतंत्र मालिका निघाली आणि २०२२ साली ती पडद्यावर आली. तिच्या घरात अम्मी रागावते, अब्बू हसवतात, फाळणीत सुटलेल्या आगगाडीची गोष्ट नानी सांगते. आमच्या पोरींना हे सगळे ओळखीचे वाटते. त्यांच्या शेजारी बसून बघताना आमच्याही डोळ्यांत पाणी येते. बघून झाल्यावर एकीने विचारले, "अशी अकोल्यातली कुणी नाही का?"

नाही. अजून तरी नाही. वेताळ अमेरिकेतून आला होता, कमलाही अमेरिकेतूनच आली. मोर्णेच्या काठी राहणारी, मराठी शाळेत शिकणारी, घरी उर्दू बोलणारी, शकुंतलेच्या जुन्या रुळांवरून चालत जाणारी मुलगी कुणी काढलेली नाही. चित्रे काढणारे हात आपल्याकडे आहेत, गोष्टी सांगणाऱ्या दाद्या आताआतापर्यंत होत्या, छापायला आता मोठ्या कंपनीची गरज उरलेली नाही.

आमच्याजवळ बहादूरचा एक अंक उरला आहे. मुखपृष्ठ गेले आहे, पानांना वाळवीने खाल्ले आहे. परवा तो आम्ही त्या पोरीच्या हातात दिला. पहिल्या चौकटीकडे निघालेली तिची नजर आम्ही थांबवली आणि आधी सांगितले, की हे आबिद सुरती नावाच्या माणसाने लिहिले आहे. ती म्हणाली, "बरं." मग खाली मान घालून वाचायला लागली. या वेळी अंक सकाळी परत करायचा नव्हता.